माईकवर दिलेली घोडी

करिष्माच्या हातात लगाम होता आणि बाबांच्या हातात माईक. यातली दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, हे काल्हेरमधल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

त्यांच्या आळीत कागदावरची सही फिरायची, भावाभावांतले मोजणीचे दगड रातोरात सरकायचे, जमलेलं लग्नसुद्धा मोडायचं. पण मांडवात, चार माणसांसमोर, माईकवरून जे बोललं ते बोललं. एका चुलतकाकांनी असंच भरात येऊन देवळाला पितळी घंटा कबूल केली होती. घरी गेल्यावर काकीने भांडी आपटली, मग माहेर गाठलं. घंटा मात्र आली. आजही वाजते, आणि वाजली की काकी तोंड फिरवते.

तर बाबांच्या, म्हणजे काळूराम तरे यांच्या हातात माईक होता. नव्या गोडाऊनचं उद्घाटन होतं. झेंडूच्या माळा, जेसीबीलासुद्धा हार, स्टेजवर सोफे, आणि मधल्या सोफ्यावर साक्षात देवेश सरपोतदार. घराघरांत रात्री जेवताना दिसणारा, गुंडांना एका हाताने उचलणारा टीव्हीवरचा इन्स्पेक्टर. प्रत्यक्षात तो टीव्हीपेक्षा बुटका होता आणि त्याला घाम येत होता, पण बाया एकमेकींना चिमटे काढत होत्या त्या काढतच होत्या.

तो आला होता तो घोडीमुळे.

काळूराम पूर्वी सुक्या गवताच्या गाड्या मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा. जमिनीवर गोडाऊन उभी राहिली, गवत संपलं, ओळखी राहिल्या. त्याच ओळखीतून एका ट्रेनरने विचारलं, "काळूराम, एक घोडी हाय. पायाची शीर गेलीय, आता पळणार नाही. ठेवतोस?" काळूरामला जनावराचा नाद. नाही म्हणणं त्याला जमलंच नसतं. घोडीचं रेसमधलं नाव होतं 'ओशन व्हिस्पर'. ते गावात कुणाच्या तोंडात बसेना. टेम्पोतून उतरल्या उतरल्या तिने आईच्या हातातल्या पातेल्यात तोंड घातलं, तेव्हा आई हसून म्हणाली, "आगो बाय, कवरी हौस हाय हिला!" त्या दिवसापासून ती हौसा.

हौसाच्या चार मालकांपैकी एक होता देवेश सरपोतदार. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ती एकदा जिंकली, तेव्हा जिंकलेल्या घोड्याचा लगाम मालकाने धरून त्याला आत न्यायचं असतं म्हणून तो गॉगल लावून पुढे झाला होता. तो फोटो तेव्हा सगळीकडे आला. बाकीचे तीन मालक कोण, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. आईचा यावर एक ठरलेला टोमणा होता. "चौघांत एक घोरी, म्हंजे एकेकाला एकेक पाय. आन् जो पाय मोडला तो नक्की या हिरोचा."

त्या मोडक्या पायावर बर्फ धरायचं काम करिष्माचं. मावरं विकणाऱ्या आक्काच्या खोक्यातला उरलेला बर्फ ती शाळेतून येताना पिशवीत घेऊन यायची. बर्फाला बोंबलांचा वास. घमेल्यात पाणी, पाण्यात बर्फ, त्यात हौसाचा उजवा पुढचा पाय, आणि तो तिने काढून घेऊ नये म्हणून खुराच्या वर दाबून धरलेले करिष्माचे दोन्ही हात. बोटं बधिर व्हायची. मग ती हात काखेत घालून उभी राहायची आणि हौसा तिच्या केसांत फुर्रर्र करायची.

पाय बरा झाला, म्हणजे चालण्यापुरता झाला. करिष्मा आधी नुसती पाठीवर बसली, मग खाडीच्या बांधावरून चालवायला लागली, मग दुडक्या चालीने. आणि गंमत म्हणजे वर्गात जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तिने नववीत आंतरशालेय वक्तृत्वाचा कप आणला. बाई म्हणाल्या, एवढा आवाज होता कुठे? करिष्माला माहीत होतं कुठे होता. बांधावर, वाऱ्यात, "हौसाऽऽ थांब!" असं ओरडता ओरडता सापडला होता.

तर माईक.

"सर," बाबा म्हणाले, आणि शर्टाच्या आतली सोन्याची साखळी बाहेर आली, "तुमची लक्ष्मी आमच्या दारात लय दिवस र्‍हायली. आम्ही तिला पोरीसारखी ठेवली. आज तुम्ही पावनं म्हणून आलाव. काळूराम तरे पावन्याला मोकल्या हातानं पाठवत न्हाय. ही घोरी आजपासून परत तुमची!"

मग विठू निवेदक, जो पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात, हळदीत आणि बैलांच्या शर्यतीत बोलायचा आणि ज्याचा आवाज बारशालाही शर्यतीसारखाच यायचा, त्याने दुसरा माईक उचलला. "दानशूऽऽर काळूराम शेठ! वाजवा टाळ्याऽऽ!"

टाळ्या वाजल्या. फटाक्यांची माळ लागली.

देवेश सरपोतदारचा चेहरा करिष्माने अगदी जवळून पाहिला. आधी त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं, नजर मॅनेजरला शोधायला लागली, जेवायला गेल्यावर कुणीतरी हातात आख्खा फणस ठेवावा तसं. मग समोरचा मोबाईल दिसला आणि तो एकदम इन्स्पेक्टर झाला. पायऱ्या उतरून आला, करिष्माच्या हातातून लगाम घेतला, हौसाच्या मानेला मान लावली.

"मी हिला कधी विसरलोच नव्हतो," तो म्हणाला. मग हळूच करिष्माला, "चावत नाही ना?"

"नाही," करिष्मा म्हणाली.

तिला वाटलं, आता रडू येईल. तिने वाट बघितली. माणूस शिंकेची वाट बघतो तशी, तोंड थोडं वर करून. आलं नाही. मंडपाचं कापड हलत होतं, कुणीतरी पेढा हातात दिला, तो तिने खाल्ला. गोड होता.

संध्याकाळी गाडी आली. हौसा फळीवरून चढेना, तेव्हा माणसांनी करिष्मालाच बोलावलं. ती पुढे झाली, "चल" म्हणाली, आणि घोडी तिच्यामागोमाग चढली. करिष्मा बाजूच्या फटीतून खाली उतरली. दार बंद झालं.

घरी आई बाबांना एवढंच म्हणाली, "तुमचं काय द्यायचं ते द्या. पोरीचं कनाला देताव?"

"शबुद गेला," बाबा म्हणाले. "आता काय करू?" आणि टीव्ही लावला.

पुढचे महिने कसे गेले, हे करिष्माला विचारलं तर तिने खरंच सांगितलं असतं, की गेले. दहावीचा अभ्यास होता, तो ती करत होती. मार्क पडत होते. वक्तृत्वाला मात्र तिने नाव दिलं नाही. बाई रागावल्या, ते तिला जणू पाण्याखालून ऐकू आलं. देवेश सरपोतदारचा 'माझी हरवलेली राणी' हा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. बाबा तो गोडाऊनवर माल उतरवायला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला दाखवायचे. जेवताना करिष्मालाही दाखवला.

"छान आलाय," ती म्हणाली आणि डाळ वाढून घेतली.

आक्का रस्त्यात दिसली की अजून विचारायची, "आगो, बरफ न्हाय नेत?" करिष्मा म्हणायची, "आता नको." शाळेतून यायचा रस्ताच तिने बदलला. दुःखामुळे नव्हे. रोज तेच उत्तर द्यायचा कंटाळा आला, एवढंच.

रिकाम्या तबेल्यात बाबांनी बादशहा आणून बांधला. पांढराशुभ्र, उंच, हलगी वाजली की पुढचे पाय उचलून नाचणारा. त्याच्यासाठी पंखा लावला, कपाळाला चांदीचा चंद्र केला. "बग, कसा हाय!" बाबा म्हणाले. "हौसा लंगडी व्हती. हा बग, राजा!" ते तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीतरी हवं होतं, तिला कळत होतं. पण द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

"चांगलाय, बाबा."

मग पडघ्याच्या मामाच्या मुलाचं, सार्थकदादाचं लग्न निघालं.

भर उन्हातली वरात. डीजेच्या गाडीतून छातीत हादरे बसत होते, मामीच्या डोक्यावरचा गजरा त्या तालावर उडत होता, आणि हायवेवरचे ट्रकवाले हळू होऊन खिडकीतून नाचून पुढे जात होते. करिष्मा मागे, बायकांच्या घोळक्यात, हातात अक्षतांचं ताट धरून चालत होती. पुढे मामांचं घोडेवाल्याशी चाललं होतं.

"पांढरी सांगितली व्हती ना? ही काय, तांबरी?"

"शेठ, पांढरी बीमार है. कसम से. ही पण चांगली आहे, शांत आहे, नवरदेवाला पाडणार नाही."

"फोटूत शांत दिसतं काय?"

मामा चिडून पुढे गेले. वरात थांबली होती. कुणीतरी रस्त्यात आडवं पडून नागीण डान्स करत होतं. करिष्माची नजर सहज घोडीच्या पायांवर गेली.

उजवा पुढचा पाय जरासा पुढे टाकलेला. टोकावर टेकवलेला. वजन डाव्यावर.

तिने ताट शेजारच्या बाईकडे दिलं आणि पुढे गेली. घोडीच्या तोंडावर मण्यांच्या झालरी होत्या, डोळ्यांपर्यंत आलेल्या. त्या तिने बोटांनी बाजूला केल्या. डाव्या डोळ्याखाली, दुधाचा ओघळ सुकून राहावा तसा, तोच पांढरा पट्टा.

"हौसा," ती म्हणाली.

घोडीने कान हलवला नाही. फुर्रर्र नाही, काही नाही. डोळा उघडा होता आणि त्यात नाचणारी वरात दिसत होती.

"बेटी, समोर उभी राहू नको," घोडेवाला म्हणाला. पन्नाशीचा, मेंदीने लाल केलेली दाढी, खांद्यावर टॉवेल. त्याचं नाव मुबश्शिरभाई. भिवंडीत त्याच्या आजोबांचे टांगे होते. टांगे गेले, रिक्षा आल्या, तेव्हापासून घराणं लग्नाच्या घोड्यांवर. "चावणार नाही तशी. ही काहीच करत नाही. कितना भी बजाओ, पत्थर. म्हणून तर आणली."

"कुठून आणली?"

"कर्जतला एका हीरोचं फार्महाऊस आहे. मॅनेजरने दिली. बोला, साहब एकदाच आले, व्हिडिओ काढला, गेले. चारा कोण घालणार? ले जा." त्याने टॉवेलने घोडीच्या मानेवरची माशी उडवली. "खाती भी नहीं ठीक से. मी मसाला देऊन बघितला, गूळ देऊन बघितला."

"पायाला बर्फ लावता?"

मुबश्शिरभाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला कसं माहीत, पाय?"

वर सार्थकदादा फेटा सावरत ओरडला, "करे, सेल्फी काढ ना माझा!" तिने तोही काढून दिला.

मग ती बाबांकडे गेली. ते मांडवात पुढच्या रांगेत, पंख्यासमोर, सोयऱ्यांत बसले होते. चाललं होतं तेच. "...एसीत ठेवलीय सरांनी. आपल्याला एसी न्हाय, पन आपल्या हौसाला एसी हाय!" माणसं हसत होती.

"बाबा, जरा या."

"काय झाला?"

"सार्थकदादा बसलाय ती हौसा आहे."

बाबांचं हसू तोंडावर राहिलं, डोळ्यांतून गेलं. ते उठले. मांडवाच्या दारापर्यंत आले, कमानीच्या खांबाला हात लावून बाहेर बघितलं. वरात आता अगदी जवळ आली होती. करिष्मा त्यांच्या नजरेकडे बघत होती. ती नजर घोडीच्या तोंडाकडे गेलीच नाही. सरळ उजव्या पुढच्या पायावर गेली, आणि तिथे थांबली.

"ती न्हाय ती," बाबा म्हणाले.

"बाबा."

"तांबऱ्या घोऱ्या काय कमी हायेत? ती न्हाय सांगितला ना. आन् असली तरी..." त्यांनी मागे वळून सोयऱ्यांकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "आता इथं नको. शंभर मानसांत माझी काय र्‍हायल? माईकवर दिलेली हाय मी."

ते परत जाऊन बसले. साखळी शर्टाच्या आत घातली.

करिष्मा तिथेच उभी राहिली. राग यायला हवा होता. तिने आत चाचपून बघितलं, अंधारात स्विच चाचपावा तसं. राग नव्हता. दुःखही नव्हतं. फक्त एक गोष्ट स्वच्छ, कोरडी, टेबलावर ठेवल्यासारखी दिसत होती: घोडीला काही वाटेनासं झालंय आणि मला काही वाटेनासं झालंय, आणि हे ज्या वाटेने आलं त्याच वाटेने जाऊ शकतं. माईकवरून आलं होतं.

स्टेजवर विठू घसा खाकरत होता. "मंडळीऽऽ, नवरदेवाचं आगमन—"

"विठूकाका, मला दोन मिनिटं द्या."

"आता? अगं मुहूर्त—"

"बाबांना एक जाहीर करायचंय."

काळूराम शेठ जाहीर करणार म्हटल्यावर विठूचा हात आपोआप पुढे झाला. माईक जड आणि घामट होता. करिष्माचा आवाज निघाला तो तिचा तिलाही सपाट वाटला. रेल्वेच्या सूचनेसारखा. पण पार मागच्या आचाऱ्यांपर्यंत पोचला.

"मी काळूराम तरेंची मुलगी, करिष्मा. बाबांना स्वतःचं दान स्वतः सांगायला लाज वाटते, म्हणून मी सांगते."

पुढच्या रांगेत हशा. "कालूला कवापासून लाज?" कुणीतरी म्हणालं. बाबा हसले, कारण सगळे हसत होते.

"सार्थकदादा ज्या घोडीवर बसून आला, ती आमची हौसा. देवेश सरांच्या बंगल्यात जागा कमी पडली, म्हणून ती आता मुबश्शिरभाईंकडे आहे. ते कष्टाचा माणूस, त्यांना पांढरा, नाचणारा घोडा पाहिजे. तर माझे बाबा आज आपला बादशहा त्यांना देत आहेत. चांदीच्या चंद्रासकट. आणि हौसाला घरी नेत आहेत."

मांडव एकदम गप्प. दारात मुबश्शिरभाई लगाम धरून उभा, तोंड उघडं. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, कळायला मार्ग नव्हता. बाबा अर्धवट उठले होते. ना उभे, ना बसलेले.

तो क्षण कुठेही गेला असता. पण विठूला शांतता सहन होत नाही, तो तिच्या हातातल्या माईककडेच वाकला आणि सवयीने ओरडला, "दानशूऽऽर काळूराम शेठ! वाजवा टाळ्याऽऽ!"

आणि टाळ्या वाजल्या. मामांनी शिट्टी मारली. सोयरे उठून बाबांची पाठ थोपटायला लागले, "वा शेठ, काळीज हाय तुमचं!" बाबांचे दोन्ही हात हळूहळू वर आले, जुळले, आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. डोळे मात्र करिष्मावर होते.

तिने माईक परत दिला. आत काहीच होत नव्हतं.

लग्न लागल्यावर मामांनी टेम्पो दिला. हौसा फळीवर चढली, सांगितलं तशी. घरी पोचेपर्यंत उजेड होता. मुबश्शिरभाई मागोमाग आला, बादशहाला बघितलं, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि उगाचच कुजबुजत बोलला, "शेठ, परत मागणार नाही ना?" बाबा म्हणाले, "माईकवर दिला ना. न्या." बादशहा आक्काच्या भांड्यांच्या आवाजावरही नाचत नाचत गल्लीतून गेला.

करिष्माने मण्यांच्या झालरी काढल्या, झूल काढली. खाली बरगड्या होत्या. कलिंगडाच्या साली पुढे टाकल्या. हौसाने हुंगल्या, खाल्ल्या नाहीत. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तेवढ्यात दारात काहीतरी खडखडलं. बाबा. लग्नाचेच कपडे, आणि दोन्ही हातांत घमेलं. घमेल्यात बर्फ. बोंबलांचा वास.

त्यांनी ते खाली ठेवलं.

"वलकली व्हती मी," ते म्हणाले.

"ठाऊक हाय मला," करिष्मा म्हणाली.

"माईकवर कनाला बोललीस? घरी बोलायचा."

"घरी बोलले असते तर?"

लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून बाबा उकिडवे बसले, घोडीचा पाय उचलून घमेल्यात ठेवला. तिने तो काढून घेतला. परत ठेवला. परत काढला. पाणी त्यांच्या नव्या सदऱ्यावर उडालं.

"असं नाही," करिष्मा म्हणाली. "वरून दाबून धरावं लागतं."

ती समोर बसली, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात घातले. खुराच्या वर शीर गरम होती, तापलेल्या तव्यासारखी. बाबांनीही हात घातले. घमेल्यात आता चार हात आणि एक पाय. गोडाऊनवर कुणीतरी शटर ओढलं. हौसाने मान खाली केली, करिष्माच्या डोक्याजवळ आणली आणि तशीच ठेवली. फुर्रर्र केलं नाही. श्वास मात्र केसांत लागत होता, ओला, थोडा गुळाचा.

बोटं दुखायला लागली. मग दुखायची थांबली. "काढ हात," बाबा म्हणाले, "बधिर झाले असतील."

"हो," ती म्हणाली, आणि काढले नाहीत.